बिननावाची गाणी : बोनी एम, लंबाडा, इंडिपॉप आणि आपण

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीत इंग्रजी गाणी आली ती बिननावाची. गाणारा कोण, बँड कुठला, कशाचाच पत्ता नसायचा. कॅसेट भरून देणाऱ्याच्या दुकानात एक जाडजूड वही असायची, तिच्यात गाण्यांना नंबर दिलेले. आपण चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचे, सोबत कोरी नव्वदची कॅसेट ठेवायची आणि दोन दिवसांनी न्यायला जायचं. त्याला इंग्रजी नावं लिहायचा कंटाळा. त्यामुळे आतल्या कार्डावर निळ्या शाईत 'इंग्लिश डिस्को – ३' एवढंच. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि बाजू संपत आली की शेवटचं गाणं मध्येच कापलेलं. बोनी एमचं 'रासपुतिन' मी कॉलेज संपेपर्यंत अर्धंच ऐकलं. त्याचं पुढे काय झालं ते लग्नानंतर कळलं.

मग इंटरनेट आलं आणि सगळ्यांची नावं-गावं कळली. त्याबरोबर धक्केही. गॅदरिंगला आम्ही ज्याची नक्कल करायचो तो बोनी एमचा बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गायलेलाच नाही! तो जाड पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फॅरियन याचा. जर्मनीत बसून त्यानं आधी गाणं केलं, ते चालल्यावर नाचायला माणसं गोळा केली. चौघांपैकी खरं गाणाऱ्या दोघीच, लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट. मला हे वाचून गंमत वाटली. आमच्या ह्यांना मात्र चक्क फसवलं गेल्यासारखं वाटलं, दोन दिवस तोच विषय.

म्हणून हा धागा. तुमच्या तरुणपणीचे बँड कुठले? आणि नंतर काहीबाही कळल्यावर गाणं ऐकताना फरक पडला का?

नियम एकच : हिंदी सिनेमाची गाणी इथे नकोत. चोरलेली असतील तर चालतील.

अण्णा_डोंबिवली

मग निम्मा हिंदी सिनेमा चालेल की ताई!

आमचा काळ तुमच्या आधीचा. ॲबाचं 'मामा मिया' १९७५ चं. १९७७ मध्ये पंचमनं 'हम किसीसे कम नहीं'मध्ये त्यावरून 'मिल गया हमको साथी' केलं. आम्ही आधी हिंदी ऐकलं, इंग्रजी नंतर, त्यामुळे बरीच वर्षं ॲबानंच आपली चाल ढापली अशी आमच्या बिल्डिंगची ठाम समजूत होती. माझं मत विचाराल तर चोरी करावी तर पंचमसारखी. मुखडा उचलला आणि पुढचं घर स्वतःचं बांधलं.

आता तुमच्या फॅरियनचीच आणखी एक गंमत. 'वन वे तिकीट' गाणारा इरप्शन हा बँडही त्याचाच. मूळ गाणं १९५९ सालचं, नील सेडाकाचं. इरप्शननं त्याला डिस्कोचा ठेका चढवला, आणि बप्पीदांनी त्यावरून १९८० मध्ये 'हरि ओम हरि' केलं, उषा उथुप यांच्या आवाजात. त्या वर्षी आमच्या गणपतीत ते दिवसातून दहा वेळा लागायचं. नावात हरि असल्यामुळे समितीतल्या ज्येष्ठांची हरकत नव्हती.

आणि नाझिया हसनला विसरू नका. 'आप जैसा कोई' गायली तेव्हा पंधरा वर्षांची होती. १९८१ चं 'डिस्को दीवाने' मी विकत घेतलेली पहिली कॅसेट. संगीत बिड्डूचं. बंगलोरचा माणूस, इंग्लंडला गेला आणि 'कुंग फू फायटिंग' जगभर वाजवलं. नाझिया २००० साली गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. तिचा तो किंचित नाकातला, शाळकरी आवाज पुन्हा कुणाला जमला नाही.

रेवा

हसून हसून पुरेवाट, 'नावात हरि' :-)

आमच्याकडे हरीवर उलटा प्रसंग आला होता. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असायच्या, म्हणजे कुणी त्यावर चुकून रेकॉर्ड करू नये. खाचांवर चिकटपट्टी लावली की खुशाल रेकॉर्ड व्हायचं. माझ्या भावानं ही विद्या बाबांच्या अभंगवाणीवर चालवली. एकादशीला पहाटे बाबांनी टेप लावला. भीमसेनजींचा अभंग रंगात आला, टाळ चढत गेले, आणि खाटकन एस ऑफ बेसचं 'ऑल दॅट शी वॉन्ट्स'. आई आतून म्हणाली, "अहो, रेडिओ लागलाय बहुतेक."

त्या गाण्यात एका बाईची काहीतरी भानगड आहे हे मला तिशीत कळलं. ऐकण्यात काडीचा फरक पडलेला नाही.

स्टॉकहोमकर

रेवा, याच गाण्याची इथे सांगतात ती गोष्ट तुमच्या भावाला नक्की ऐकवा. एस ऑफ बेसनं डेनिझ पॉप नावाच्या निर्मात्याला गाण्याची कच्ची कॅसेट पाठवली. त्याला काही खास आवडली नाही. पण ती त्याच्या गाडीच्या टेपमध्ये अडकली, निघेचना. मग रोज जाता-येता तेच गाणं. शेवटी त्याला त्यात काहीतरी सापडलं आणि १९९२ मध्ये त्यानं ते करून दिलं.

या डेनिझ पॉपचा शिष्य मॅक्स मार्टिन. तुमच्यापैकी नव्वदीत कॉलेजला असलेल्यांनी जी 'अमेरिकन' गाणी ऐकली त्यातली कितीतरी इथल्या शिरॉन स्टुडिओत शिजलेली. बॅकस्ट्रीट बॉइज ऑरलँडोचे, पण त्यांचं १९९९ चं 'आय वॉन्ट इट दॅट वे' मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन या दोन स्वीडिश माणसांनी लिहिलेलं. त्याचे शब्द नीट वाचून बघा. कडव्यात एक म्हणतात, ध्रुवपदात त्याच्या उलट. मुलाला काय हवंय तेच कळत नाही. कारण या मंडळींची रीतच अशी, की आधी चाल, आणि मग चालीवर गोड बसतील ते स्वर. अर्थ जमला तर जमला.

म्हणजे बघा, आपण समजत होतो की आपल्याला इंग्रजी कळत नाही म्हणून आपण नुसत्या चालीवर भुलतोय. लिहिणाऱ्याचीही इंग्रजी मातृभाषा नव्हती आणि त्याचंही लक्ष चालीवरच होतं. सांगली-इचलकरंजीचा श्रोता हा या गाण्यांचा अगदी योग्य श्रोता होता असं माझं प्रामाणिक मत आहे. शब्दांवर अडकत बसले ते बिचारे इंग्रज.

नाना फडतूस

अर्थ नसलेल्या गाण्यांवर एवढी चर्चा. चालू द्या.

कृष्णाकाठ

नाना, 'तरारा तरारा'ला तरी काय अर्थ असतो? तुम्ही तराणा डोळे मिटून ऐकता ना! बसा, चहा घ्या.

स्टॉकहोमकर, फार मोठं ओझं उतरवलंत. मी 'आय वॉन्ट इट दॅट वे' समजून घ्यायला डिक्शनरी घेऊन बसले होते.

बारक्या

इचलकरंजीचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचक.

मंडळी, एक गाणं शोधतोय. आमच्याकडं पण तसलीच वही आणि तसलीच कॅसेट. त्यात एक गाणं होतं, बाईचा आवाज, इंग्रजी नक्की नाही. सुरुवातीला पेटीसारखं पण पेटी नव्हे असं वाद्य, एकदम कंबर हलायला लावणारं. साल ९० च्या आसपास. आमच्या आळीत नवरात्रात रोज लागायचं. कॅसेट पुढं टेपमध्ये गुंतली आणि संपला विषय. यूट्यूबवर काय म्हणून शोधायचं? मला त्यातला एक शब्द लिहिता येत नाही.

अण्णा_डोंबिवली

'घायल'मधलं 'सोचना क्या, जो भी होगा देखा जाएगा' का?

बारक्या

चाल तीच, अण्णा! पण ते न्हवं. हे परक्या भाषेतलं होतं. सिनेमा यायच्या आधी ऐकलंय.

पोस्तकार

बारक्या, 'लंबाडा'. बँडचं नाव काओमा, १९८९. बँड फ्रान्समधला, गायिका लोआल्वा ब्राझ ब्राझीलची, भाषा पोर्तुगीज. ते पेटीसारखं वाद्य म्हणजे बँडोनियन. आणि अण्णांच्या यादीत भर घाला : काओमानंही ते उचललेलंच होतं. मूळ चाल बोलिव्हियाच्या लोस खारकास या मंडळींची, १९८१ ची. प्रकरण कोर्टात गेलं आणि काओमाला नमतं घ्यावं लागलं. म्हणजे 'घायल'मध्ये बप्पीदांनी चोराच्या घरी चोरी केली.

आम्ही म्हापशाचे. घरी हे गाणं लागलं की आम्ही भावंडं नाचायचो आणि आजी खुर्चीत बसून मान हलवायची. तिचं शिक्षण पोर्तुगीज काळातलं, तिला शब्द न् शब्द कळायचा. एकदा म्हणाली, "अरे, रडत निघून गेलेल्या माणसाचं गाणं आहे ते, तुम्ही नाचता काय?" आम्ही क्षणभर थांबलो आणि परत नाचलो.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर रेमो फर्नांडिस. 'हम्मा हम्मा'मुळे तुम्ही ओळखता, पण आमच्यासाठी तो १९८४ च्या 'गोअन क्रेझी'चा. शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर जवळजवळ सगळं एकट्यानं वाजवून-गाऊन केलेला अल्बम, आणि कॅसेटी स्कूटरवर लादून दुकानोदुकानी स्वतः पोचवलेल्या. आज जे 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणून मिरवतात त्यांच्या कितीतरी आधी.

बारक्या

पोस्तकार, सापडलं!!! आत्ता हेडफोन लावून तीनदा ऐकलं. शेजारी मुलगा बसलाय, तो म्हणतो बाबा काय झालं. जगा तुम्ही हजार वर्षं.

चहाबाज

इंग्रजी पुष्कळ झालं. आता आमच्या इंडिपॉपकडे या.

१९९२ बाबा सेहगल, 'ठंडा ठंडा पानी'. १९९५ अलिशा चिनॉय, 'मेड इन इंडिया' (परत तोच बिड्डू!). १९९६ तर मोठंच साल : लकी अलीचं 'सुनो' आणि हरिहरन-लेस्ली लुईसचं 'कलोनियल कझिन्स'. १९९८ ला युफोरियाचं 'धूम' आणि सिल्क रूटचं 'डूबा डूबा'. १९९९ ला केकेचं 'पल', आणि स्वीडनहून बॉम्बे व्हायकिंग्ज. २००० ला शानचं 'तनहा दिल'. मधेच आर्यन्सचं 'आँखों में तेरा ही चेहरा', ज्यात एक लाजरा पोरगा नायक होता, तोच पुढे शाहिद कपूर झाला.

एवढी वर्षं सिनेमाबाहेरचं गाणं देशभर वाजत होतं. सिनेमाशिवाय पोट भरता येतं असं दहा वर्षं तरी वाटलं. मग संपलं. कारण सरळ आहे. कंपन्यांना कळलं की नवा गायक उभा करून त्याच्या व्हिडिओवर खर्च करण्यापेक्षा सिनेमाचे हक्क घेतलेले बरे, जाहिरात निर्माता आपोआप करतो. त्यात एका सीडीत शंभर-शंभर एमपी थ्री गाणी फूटपाथवर मिळायला लागली. आणि गायकांना सिनेमानंच आत ओढलं. केके, शान, सिल्क रूटचा मोहित चौहान, सगळे पार्श्वगायक झाले. बँड फुटले नाहीत, विरघळले.

सायली_न

अंशतः सहमत. पण जरा खरं बोलूया का? इंडिपॉप आपण ऐकलं कमी आणि पाहिलं जास्त. 'मेड इन इंडिया' म्हटलं की तुम्हाला आधी अलिशाचा आवाज आठवतो की खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण? (मला विचारू नका.) लकी अली म्हटलं की इजिप्तचे पिरॅमिड. हे टीव्हीचं बाळ होतं. चॅनेल व्ही १९९४ ला आलं, एमटीव्ही इंडिया १९९६ ला. वाहिन्यांनी गाण्यांऐवजी रिॲलिटी शो आणि सिनेमाचे प्रोमो सुरू केले तेव्हा बाळाचं दूध तुटलं. निम्म्या अल्बममध्ये एक बरं गाणं आणि सात भरताड असायची हे पण लिहा की! पैसे देऊन घेतलेल्या कॅसेटी आहेत माझ्याकडे, पुरावा दाखवते.

चहाबाज

भरताडाचं मान्य. पण 'पल'चा व्हिडिओ कुणाला आठवतो? मला नाही आठवत. तरी आज कुठल्याही कॉलेजच्या निरोपसमारंभात जा, तेच गाणं आणि त्याच कॅसेटमधलं 'यारों'. आता निरोप घेणाऱ्या पोरांचा जन्म गाणं आल्यानंतरचा आहे. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नझरुल मंचावर कॉलेजच्या कार्यक्रमात केके शेवटी 'पल'च गायला आणि त्याच रात्री गेला. ते वाचलं तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर एरवी फक्त गुड मॉर्निंग पाठवणारी माणसं रात्री दोनपर्यंत जागी होती. हे टीव्हीनं दिलेलं नाही.

सायली_न

केकेबद्दल भांडण नाही. तिथे मी गप्प.

रेवा

मराठीचं कुणीच काही बोलत नाही! मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आमच्या होस्टेलवर पावसाळा सुरू झाल्याची अधिकृत घोषणा होती. गाण्याआधी सौमित्रच्या आवाजातली कविता यायची तेव्हा अख्ख्या मजल्यावर शांतता. आणि त्यानंतर काही वर्षांत वैशाली सामंतचं 'ऐका दाजीबा'. दिल्ली-चंदीगडची पोरं अर्थ न कळता 'दाजीबा' म्हणत नाचत होती. स्टॉकहोमकरांचा सिद्धांत इथेही लागू.

चहाबाज

+१. 'दाजीबा'च्या वेळी पहिल्यांदा मराठी गाणं इतर भाषांच्या बरोबरीनं संगीतवाहिन्यांवर लागलेलं पाहिलं. छाती दोन इंच फुगली होती.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

नाशिकचं इंजिनिअरिंग कॉलेज, सन २००० च्या आगेमागे. आमच्या ब्लॉकचा अधिकृत बँड : मायकल लर्न्स टू रॉक. '२५ मिनिट्स', 'समडे', 'पेंट माय लव्ह'. प्रेमभंग झालेला, होऊ घातलेला आणि प्रेमच न झालेला, तिघांनाही हेच औषध. सगळा ब्लॉक त्यांना अमेरिकन समजायचा. निघाले डेन्मार्कचे, ऑरहुस गावचे. त्यांना खरा भाव मिळाला आशियात. २००४ चं 'टेक मी टू युवर हार्ट' तर जॅकी चंगच्या चिनी गाण्याचं इंग्रजी रूप. डॅनिश माणूस चिनी चालीवर इंग्रजीत रडतोय आणि ऐकणारा मालेगावचा. मला तर हे फार आवडतं.

त्यांची इंग्रजी सोपी असायची हेही कारण. शब्द तोडून, सावकाश. आमच्यातले दोघं मुलाखतीचं इंग्रजी त्यांच्याकडूनच शिकले. एकानं एचआरला 'दॅट्स व्हाय' इतक्या वेळा म्हटलं की तिनं हसून ऑफर दिली.

सायली_न

:-D :-D

बॅकस्ट्रीटवाल्यांसाठी : मे २०२३ मध्ये ते मुंबईत आले होते, बीकेसीला. मी आणि दोन मैत्रिणी गेलो. पाचही जण चाळिशी ओलांडलेले, त्यांच्यासमोर चाळिशीच्या बायकांचा समुद्र. माझ्या शेजारची घरी सासूला फोन करून "दूध फ्रीजमध्ये ठेवलंय" सांगत होती, तेवढ्यात 'आय वॉन्ट इट दॅट वे' सुरू झालं आणि तिनं फोन न कापताच किंचाळायला सुरुवात केली. त्यांना घडवणारा लू पर्लमन पुढे लोकांचे पैसे बुडवून तुरुंगात गेला, तिथेच मेला, हे सगळं मला माहीत होतं. त्या रात्री काही आठवलं नाही. हे मूळ धाग्याच्या प्रश्नाला उत्तर.

अण्णा_डोंबिवली

बोनी एमबद्दल एक राहिलंच. बॉबी फॅरेल ३० डिसेंबर २०१० ला गेला. कुठे? सेंट पीटर्सबर्गमध्ये, कार्यक्रमासाठी गेला असताना. रासपुतिनला मारलं ते त्याच शहरात, १९१६ मध्ये, तारीख ३० डिसेंबर. कृष्णाकाठ ताई, तुमच्या यजमानांना सांगा, गायला नसेल तो, पण गाणं शेवटपर्यंत निभावलं.

कृष्णाकाठ

अण्णा, वाचून दाखवलं. "मग माफ केलं" असं उत्तर आलंय.

बेंजो_मास्तर

उशिरा येतोय. आमची बेंजो पार्टी होती, लालबाग-परळकडची. लग्न, हळद, विसर्जन. वडील बेंजो वाजवायचे, मी आधी खुळखुळा आणि मग कॅसिओ. तुम्ही सगळे ऐकणारे, म्हणून वाजवणाऱ्याची बाजू सांगतो.

परदेशी गाणं बेंजोवर चालतं की नाही ते पहिल्या ओळीत कळतं. बेंजोवर सूर लांबवता येत नाही, तार छेडली की विझते. म्हणून लांब ओढलेली गाणी मरतात. ॲबाची निम्मी त्यातच गेली. तुकड्या-तुकड्यांची चाल पाहिजे. 'लंबाडा' एक नंबर, वडिलांनी एका दुपारी बसवलं. 'रासपुतिन' पण उत्तम, फक्त आमचा ढोलवाला त्यात आपला कोळी ठेका घालायचा आणि लोकांना ते तसंच आवडायचं. व्हेंगाबॉइजचं 'बूम बूम' वाजवलं की पोरं वरात पुढे सरकूच द्यायची नाहीत, नवऱ्याचा मामा पैसे ओवाळत राहायचा. मायकल लर्न्स टू रॉक एकदा प्रयत्न केला एका शिकलेल्या नवऱ्याच्या हट्टापायी. वरात जागेवर थांबली, घोडा पण थांबला.

पण एवढ्या लांब धाग्यात एकानं पण दलेर मेहंदीचं नाव घेतलं नाही याचा निषेध! १९९५ चं 'बोलो ता रा रा' ते १९९८ चं 'तुनक तुनक तुन', आमचं घर चाललंय त्याच्यावर. लोक म्हणायला लागले की याचे व्हिडिओ सुंदर पोरींमुळे चालतात, तर गड्यानं 'तुनक'मध्ये पोरीच ठेवल्या नाहीत, स्वतःच चार रंगांचे चार दलेर होऊन नाचला. कोण करेल?

चहाबाज

मास्तर, निषेध मान्य. कृष्णाकाठ, धाग्याच्या नावात दलेर घाला.

नाना फडतूस

'तुनक'चा अर्थ पण सांगा कुणीतरी.

बेंजो_मास्तर

नाना, तुनतुणं माहितीये ना? ती तारच आहे ती. तुम्ही फक्त टाळी द्या.